बारा दिवसांचं वाटोळं

६ ऑगस्ट, मंगळवार

आणि मी परत तेच म्हणतो, ज्याला झाडूवाला म्हणून ठेवलं त्याच्या हातात झाडूच द्यावा. टाक्या धुवायच्या, पाण्यात औषधाची पूड टाकायची, संडासात चुना मारायचा, एवढ्यासाठी मी आलो. आजाऱ्यांचा कागद लिहायचं काम कारकून मिफ्ताहचं. पण मिफ्ताहच्या बहिणीचं लग्न निघालं बेनगाझीला, आणि लिबियातलं लग्न म्हणजे आठवडाभर जेवायचं आणि आठवडाभर लोळायचं.

"तूनसी, तुला आकडे येतात ना? मग झालं तर!" (मी ट्युनिशियाचा, म्हणून सगळ्यांचा तूनसी.)

मी म्हटलं, चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला सरकारी कागद लिहायला लावतोस, उद्या काही झालं तर तुझं नाव सांगेन. तो म्हणाला, "सांग. माझ्या नावाला काय सोनं लागलंय?"

भांडण महिनाभराचं आहे. तो जिंकला, कारण टॅक्सी त्याच्यासाठी उभी होती.

टॅक्सीत एक पाय ठेवूनच त्यानं मला इजिप्तवाल्यांचे आकडे शिकवले. आमच्या तूनसमधे आणि लिबियात आकडे इंग्रजी वळणाचे, त्यांचे वेगळे. कागद त्यांच्या फाटकावर जातो, म्हणून त्यांच्याच आकड्यांत लिहायचा, एवढी आपली माणुसकी. एक तसाच, काठीसारखा. दोनला काठीवर एक दात, तीनला दोन दात. चार म्हणजे आपला तीन उलटा फिरवलेला. सहा म्हणजे आपला सात. सात म्हणजे वर उघडलेली चोच, आठ म्हणजे तीच चोच पालथी. नऊ तसाच.

"आणि चारच्या नंतरचा?" मी विचारलं.

मिफ्ताहनं लगेच गाडीच्या पत्र्यावर हात आपटला. "तोंड आवर! हाताएवढा आकडा तू लिहायचाच नाही. ती वेळ आली तर मला बोलाव."

आमच्याकडंही तो आकडा कुणाच्या तोंडावर उच्चारत नाहीत, दृष्ट लावल्यासारखं होतं. 'तुझ्या हाताएवढे' म्हणायचं. आणि ह्या छावणीत तर तो आकडा म्हणजे सापच. हगवणीचे आजारी हाताएवढे झाले की दोन्ही फाटकं बंद, आणि लागोपाठ सात दिवस एकही आजारी नसेल तेव्हाच उघडायची. नियम भिंतीवर टांगलाय. दोन्ही सरकारांचे शिक्के आहेत त्यावर.

आम्ही त्या दोन फाटकांच्या मधे. मागं लिबियाचं, पुढं इजिप्तचं. ही जागा कुणाचीच नाही, म्हणून वाराही इथं वाट्टेल तसा वाहतो.

७ ऑगस्ट, बुधवार

आज पहिला कागद लिहिला.

मुक्कामाला माणसं एकशे त्रेचाळीस. विमानं बंद झाल्यापासून सगळी वाहतूक ह्याच रस्त्यानं. प्रत्येकाला एक रात्र इथं काढायची, तपासून घ्यायचं, मग पुढं. एन्साफबाई तपासते. ती इजिप्तची नर्स, पन्नाशीची, कमरेवर हात ठेवून उभी राहिली की तंबूचा खांबसुद्धा सरळ होतो. ती बघते आणि मला तोंडी सांगते. मी लिहितो, घडी घालतो, डिंक लावतो. तिनं कागद बघायचा नाही, मी आजाऱ्यांत डोकवायचं नाही. दोन वर्षं भांडून दोन्ही देशांनी हा नियम काढला. डोळे इजिप्तचे, लेखणी लिबियाची, म्हणजे कुणाला काही लपवता येणार नाही. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात पटकी इकडून तिकडं गेली की तिकडून इकडं आली ह्यावरच वाद घालत बसले होते, तोवर दोन्हीकडं माणसं मेली. (मी लिबियाचा नाही. पण पगार त्यांचा, तेव्हा लेखणीही त्यांची.)

"हगवण शून्य," एन्साफबाई म्हणाली.

तेव्हा आठवलं, शून्य मिफ्ताहनं शिकवलंच नाही. पण शून्याला काय शिकवायचं? शून्य म्हणजे काही नाही, आणि काही नाही ते सगळ्या जगात सारखंच असणार. मी छान गोल वाटोळं काढलं. रेघ फिकी आली म्हणून त्यावरूनच परत फिरवलं.

"एवढ्याशा ठिपक्याला किती वेळ लावतोस रे?" बाई म्हणाली.

ठिपका म्हणे. ह्या बाईला माझं सगळंच लहान दिसतं.

छावणीचे लिबियन डॉक्टर हुवैदी दुपारी तुब्रुकला, त्यांच्या बाजूच्या शहरात गेले. महिन्याभराच्या कागदांवर सही आणि तारीख आधीच करून ठेवलीय, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही.

८ ऑगस्ट, गुरुवार

फाटकं बंद. दोन्ही.

कालचा कागद कालच टाकला होता, आज सकाळी दुसरा टाकायला गेलो. इजिप्तच्या फाटकावर तिकाटण्यावर पत्र्याची पेटी असते, तिच्यात टाकायचा. आज पेटीच चाळीस पावलं अलीकडं आणून ठेवली होती आणि शिपायांनी नाकाला फडकी बांधलेली. त्या फाटकावरचा कॅप्टन रिफअत भोंग्यातून बोलला. "पेटीच्या पुढं यायचं नाही!"

"साहेब, बंद का?"

"कागदात जे लिहिलंय त्यामुळं!"

"कागदात तर काहीच नाही!"

"तुला चेष्टा सुचतेय?" एवढं बोलून त्यानं भोंगा खाली ठेवला.

मी लिबियाच्या फाटकावर गेलो. तिथला हवालदार म्हणाला, "इजिप्तनं फोन करून कळवलं म्हणून आम्हीही बंद केलं. त्यांना आकडा माहीत. आम्हाला हुकूम माहीत." डॉक्टर बाहेर अडकले, आम्ही आत. भोंग्यातून बोलायची सोय फक्त इजिप्तवाल्यांकडं.

एकशे त्रेचाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. जणू किल्ली माझ्या खिशात आहे.

१० ऑगस्ट, शनिवार

ऊन, माश्या, ट्यूनाचे डबे. लिबियाच्या बाजूनं सकाळी पाव येतात, पोत्यातून फेकतात. पाण्याचा टँकर इजिप्तचा, पण ड्रायव्हर आत यायला तयार नाही. कुंपणातून नळी घालतो आणि घाबरून अर्ध्यातच ओढून घेतो.

आज अम्म शेहाताशी नीट ओळख झाली. सगळे त्याला अम्म म्हणतात, काका. इजिप्तमधल्या सोहागकडचा गवंडी. नऊ वर्षं बेनगाझीत भिंती बांधल्या आणि आता कायमचा घरी चाललाय, गुरुवारी मुलीचं लग्न, १५ तारखेला. बरोबर एक टेबलफॅन, चार ब्लँकेटं आणि शिवणयंत्र. रोज सकाळी तो शिवणयंत्रावरची धूळ फडक्यानं पुसतो, मग स्वतःच्या तोंडावरची.

"पोरीचं नाव हनिय्या," तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा दात पडत होते, आता दात काढते माझ्यावर. पत्रात लिहिते, बाबा, तुम्ही आला नाहीत तर नवऱ्याला सांगेन की माझा बाप काल्पनिक आहे."

त्याच्या तंबूवर नुसतं शून्य रंगवलंय. इजिप्तच्या लष्कराचे जुने तंबू. मी म्हटलं, अम्म, तुम्हाला नंबरही दिला नाही की हो, शून्यात बसवलंय. तो माझ्याकडं बघून हसला. "तूनसी, तुझे विनोद मला कळत नाहीत, पण तू करत राहा. वेळ जातो."

मी विनोद केला नव्हता.

१२ ऑगस्ट, सोमवार

आज कॅप्टनला ओरडून विचारलं, कधी उघडणार?

"अजून खाली आलं नाही!" तो म्हणाला.

म्हणजे हुकूम. वर कैरोत कुठंतरी अडकलाय, खाली यायला वेळ लागणार. मी येऊन सगळ्यांना तसं सांगितलं. मोठ्या साहेबाची सही राहिली असेल, मोठ्या साहेबाला उन्हाळा बाधला असेल, त्यावर चहा होईपर्यंत चर्चा झाली. अम्म शेहाता म्हणाला, "इजिप्तमधे वरून खाली लवकर येतो तो फक्त पगारकपातीचा कागद."

मला एका जागी बसवत नाही, हे आईला विचारा. गावाहून, तातावीनहून निघालो तेव्हा सतरा वर्षांचा होतो. त्रिपोलीत बेकरी सोडली, मिसरातात मासे सोडले. कुणी दार लावलं की मला घाम फुटतो. इथं तर दार लावून किल्ली दोघांनी वाटून घेतलीय.

१४ ऑगस्ट, बुधवार

आठवं शून्य टाकलं. काल सात पुरी झाली, मी स्वतः मोजली. नियमानं आज उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

"अजून खाली आलं नाही! कणभरसुद्धा नाही!" हे भोंग्यातून.

दुपारी भांडण पेटलं. असवानचा एक टॅक्सीवाला माझ्या अंगावर आला. "हाच काहीतरी लिहितो! इकडचा ना तिकडचा!" मी म्हटलं, शून्य लिहितो, शून्य! एन्साफबाई मधे पडली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, "दाखव बघू एकदा कागद."

मी नाही म्हटलं. "नियम म्हणजे नियम, बाई. तुम्ही बघायचं, मी लिहायचं."

खरं सांगायचं तर मला मजा आली. जन्मात पहिल्यांदा मला कुणाला तरी नाही म्हणता आलं.

"शून्य स्वच्छ लिहितोस ना? बारीक राहिलं तर दिसत नाही रे."

तेवढं तिचं ऐकलं. चौकट भरून वाटोळं काढलं, आंधळ्यालाही दिसेल असं.

आणखी एक. दक्षिणेकडं कुंपणाला एक भगदाड आहे, बकऱ्यांच्या वाटेला. भर दुपारी तिथवर गेलो. शिपाई झोपला होता, बंदूक त्याच्यापेक्षा गाढ. तीस पावलं, आणि मग मी आणि मोकळं रान. बसून राहिलो. मग मनात आलं, मी गेलो तर उद्याचा कागद कोण लिहिणार? कागद गेला नाही तर ह्या माणसांचं काय होईल? परत आलो. आईला हे कळलं तर ती म्हणेल, पोरगा सुधारला.

१५ ऑगस्ट, गुरुवार

हनिय्याचं लग्न आज. म्हणजे नाही. काल लिबियाच्या हवालदारानं कुंपणातून निरोप सांगितला : नवऱ्याकडचे म्हणतात, बाप आल्याशिवाय मुलगी उचलणार नाही, थांबतो.

संध्याकाळी अम्म शेहातानं शिवणयंत्राच्या पत्र्यावर ताल धरला. बायकांनी तोंडावर हात घेऊन लू-लू-लू असा आनंदाचा गजर केला, टॅक्सीवालासुद्धा नाचला. एन्साफबाईनं कुणाकडून तरी मेंदी आणली आणि अम्मच्या उजव्या तळव्यावर थापली. "वऱ्हाडातला एकटाच आहेस, तूच नवरी."

"मग हुंडा कोण देतंय?" अम्म म्हणाला. "फॅन माझ्याकडं आहे."

नववं शून्य.

१७ ऑगस्ट, शनिवार

पाण्याची पूड संपली. तीन दिवस झाले ओरडतोय. "उद्या!" म्हणतात. टँकर काल आलाच नाही. छावणीमागं पावसाच्या पाण्याचं जुनं टाकं आहे, फरसबंद. झाकण मीच पहारीनं उचकटलं. पाणी हिरवट होतं, पण पाणी होतं. उकळून प्या म्हणून प्रत्येक तंबूत जाऊन सांगितलं. पण कशावर उकळणार? सरपण परवाच संपलंय. अर्ध्यांनी नुसतं फडक्यातून गाळलं.

शून्य. माणसं एकशे त्रेचाळीस.

१९ ऑगस्ट, सोमवार

अम्म शेहाता आजारी पडला.

पहाटेपासून अठरा वेळा. भाताच्या पेजेसारखं. मी डोकवायचं नाही हा नियम, पण बादली मीच उचलतो, तेव्हा नियम गेला उडत. मला बघून म्हणाला, "तूनसी, सुएझ कालवा माझ्या पोटातून काढलाय. जहाजांकडून पैसे घे."

एन्साफबाईकडं सलाईनच्या सहा बाटल्या. संध्याकाळपर्यंत तीन गेल्या.

"लिही," ती म्हणाली. "एक."

माझा हातच धावेना. बारा दिवस शून्य असून उघडलं नाही, आता एक लिहिल्यावर तर विटाच रचतील दारात. बाईकडं बघितलं. एक शब्द बोलली असती तर मी शून्यच लिहिलं असतं. ती अम्मची नाडी बघायला वळली. मी काठी ओढली. घडी घातली.

२० ऑगस्ट, मंगळवार

कसं लिहू.

कालचा कागद काल संध्याकाळीच टाकला होता. आज सकाळी आजाऱ्यासाठी गाडी मागायला गेलो, तर कॅप्टन रिफअत भोंगा न घेताच फाटकापर्यंत चालत आला. आणि हसत होता!

"शाब्बास! खाली आलं! थेट खाली!"

"हुकूम?"

"कसला हुकूम? आकडा! बारा दिवस पाचच्या पाच, आणि काल एक! त्या नर्सबाईला माझा सलाम सांग."

मी म्हटलं, पाच कुठले?

तो म्हणाला, "अरे, तूच तर लिहितोस."

परत आलो. एन्साफबाई बादलीपाशी चुना टाकत होती. मी विचारलं, बाई, तुमचं शून्य कसं काढतात? ती वैतागली, पण माझं तोंड बघून खाली बसली आणि बोटानं चुन्यात एक ठिपका टेकवला.

"आणि पाच?"

तिनं वाटोळं काढलं.

मी त्याच वाटोळ्यावरून माझं बोट परत फिरवलं. ती त्या वाटोळ्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. आधी ती हसली. इतकी हसली की तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक कोंबलं. मग रडली. मग दोन्ही थांबलं आणि तिनं आधी तंबूचं दार खाली सोडलं.

"कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग सांगू नकोस. ऐक माझं. उद्यापासून ठिपका दे. सात दिवसांत उघडेल आणि कुणाला कळणार नाही. कळलं तर काय होईल माहीत आहे? आमचे म्हणतील, ह्यांना लिहिता येत नाही. लिबियावाले म्हणतील, त्यांना वाचता येत नाही. मग दोन्ही देशांचं हे एकत्र टेबलच उचलून नेतील. दोन खुर्च्या शेजारी मांडायला दोन वर्षं लागली, तूनसी. त्याच्या आधी मी एका घरातून तीन मेलेली पोरं उचललीत. पलीकडच्यांना साथ माहीत होती, आम्हाला सांगितली नव्हती एवढंच."

"आणि अम्म शेहाता?"

"तीन बाटल्या आहेत. माणूस दणकट आहे. दोन दिवस आकडा खालीच राहिला तर गाडी आत सोडतात."

ती म्हणते ते खरंच असणार. तिला सव्वीस वर्षं झाली ह्या कामात, मला दोन महिने. आणि मला तुरुंगाची भीती वाटते, तेही लिहून ठेवतो. आतून लावलेलं दार मला चालत नाही, बाहेरून लावलेलं कसं चालेल.

आज नको. उद्या बघू.

माझ्याच हातानं. माझ्याच हातानं, आणि वर चौकट भरून.

२१ ऑगस्ट, बुधवार

उजाडताना अम्मच्या हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली, कणकेसारखी. डोळे खोल गेलेत. मेंदी तेवढी लाल. शेवटची बाटली लावलेली. बाईनं माझ्याकडं बघितलं नाही.

मी फाटकाकडं निघालो. पेटीपाशी थांबलो नाही. शिपायानं बंदूक उचलली, दुसरा ओरडला. चालत राहिलो आणि फाटकाच्या गजाला धरूनच उभा राहिलो.

"साहेबांना बोलवा. कागद चुकलाय."

कॅप्टन रिफअत आला. अर्धी दाढी साबणात. मी धुळीत वाटोळं काढलं.

"हे आमच्याकडं शून्य आहे, साहेब."

तो वाटोळ्याकडं बघत राहिला. साबण वाळत होता.

"म्हणजे पाच नव्हते?"

"नव्हते."

"एकही?"

"एकही नाही. परवापर्यंत. आता आहे एक, आणि तो मरतोय."

"बारा दिवस..." एवढंच म्हणाला. मग टोपी काढली. मला वाटलं, मारणार. त्यानं टोपीनं कपाळ पुसलं आणि गाडी आणायला ओरडला, अर्ध्या दाढीनंच.

गाडी यायला पाऊण तास लागला. अम्मला आम्ही तंबूच्या फळीवर घालून फाटकापर्यंत नेलं, मी डोक्याकडं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की दार तूनसीनं उघडून घेतलं. त्यानं माझं मनगट धरलं.

"तुझे हात सलामत राहोत, पोरा," तो म्हणाला. "हनिय्याला सांगेन..."

गाडीचं दार लावलं. दवाखाना मत्रूहला, इथून दोनशे किलोमीटर.

शिवणयंत्र इथंच राहिलं. फडकंही.

२४ ऑगस्ट, शनिवार

फाटकं उघडून दोन दिवस झाले. माणसं गेली. टॅक्सीवाला जाताना माझ्या पायापाशी थुंकला, मग परत आला आणि सिगरेटचं पाकीट ठेवून गेला. शिवणयंत्र, फॅन आणि ब्लँकेटं सोहागच्या एका पोरानं नेली. घरी पोचवतो म्हणाला.

आज दोन्हीकडचे साहेब आले. सात इकडचे, सात तिकडचे. डॉक्टर हुवैदी इस्त्रीचा शर्ट घालून. सकाळी आवाज चढले होते. 'तुमची लेखणी', 'तुमचे डोळे', सगळं तंबूबाहेर ऐकू येत होतं. एन्साफबाई दाराशी उभी, मुठी आवळून. मिफ्ताहही परत आला होता, लग्नातला सुगंध अजून अंगाला. माझ्याकडं बघेना.

दुपारी मला आत बोलावलं. एका साहेबानं विचारलं, कुठला तू? तूनस, मी म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं, म्हणजे ना आमचा ना ह्यांचा? मी म्हटलं, नाही.

मग कसे कोण जाणे, सगळ्यांचे चेहरे सैल झाले. चहा आला. दोन्हीकडच्या सह्या झाल्या : आकडे आजपासून अक्षरी लिहायचे, छावणी चालू ठेवायची, आणि तूनसीला कामावरून कमी करायचं. टाळ्यासुद्धा वाजल्या.

बाहेर एन्साफबाई म्हणाली, "बघ, दोन्हीकडच्यांचं पहिल्यांदाच पुरतं एकमत झालं."

तिनं माझा हात हातात घेतला आणि सोडला. मला वाटतं ती माझ्यावर खूश होती. टेबल वाचलं.

मी विचारलं, मत्रूहहून काही कळलं? ती म्हणाली, फोन लागत नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

बेनगाझी. बेकरीत लागलोय. भट्टीपाशी दार नाही, तेवढं बरं.

मत्रूहच्या दवाखान्यात दोनदा फोन केला. एकदा म्हणाले, शेहाता नावाचे तीन आहेत, बापाचं नाव सांगा. बापाचं नाव मला माहीत नाही. नऊ वर्षं, फॅन, मुलीचे दात, सगळं माहीत, आणि बापाचं नाव नाही. दुसऱ्यांदा लागला तेव्हा ते म्हणाले, एक घरी गेला, एकाला घरचे घेऊन गेले, एक अजून आहे. मी विचारलं, घरी जाणं आणि घरचे घेऊन जाणं ह्यात फरक काय? तेवढ्यात फोन कट.

तोंड उघडायला मी एक दिवस उशीर केला, हे इथं लिहून ठेवतो. बाईचा दोष नाही. ती सांगत होती ते टेबल वाचावं म्हणून. ऐकलं मी.

सकाळी टपाल कचेरीत गेलो. छावणीच्या पगाराचा हिशेब मिळाला होता, तो सगळाच सोहागला पाठवायचा. ह्या महिन्यात आईला काही जाणार नाही. तिला लिहीन, बेकरी नवी आहे, पगार उशिरा होतो.

काउंटरवरचा म्हातारा फॉर्म भरत होता. "घेणाऱ्याचं नाव?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. शेहाता म्हटलं आणि तो नसला, तर पैसे परत येतील, आणि परत आले म्हणजे मला कळेल. मला ते तसं कळायला नको होतं.

"हनिय्या," मी म्हटलं. "हनिय्या शेहाता."

"नातं?"

"तिच्या बापाच्या ओळखीचा."

"निरोप काही लिहायचाय? तीन शब्द फुकट आहेत."

खूप विचार केला. मागं रांग कुरकुरायला लागली. निरोपाची जागा कोरी ठेवा म्हटलं.

"मग रक्कम सांग. अंकी?"

"अंकी नको," मी म्हटलं. "अक्षरीच लिहा."

एकशे बारा दिनार फक्त.